माळ्यावर ठेवलेला दोर

रविवार, ३ नोव्हेंबर
सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

ताई,

नमस्कार आधी, बाकी सगळं नंतर. डावा तळहात मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून बसलो आहे आणि उजव्या हाताने लिहितो आहे. कागद सरकू नये म्हणून पाण्याचं भांडं त्याच्यावरच ठेवलंय, त्यामुळे कोपऱ्यात गोल डाग दिसेल. तो पाण्याचा आहे, रडण्याचा नाही. तुझी खार ठीक आहे. तिच्या कोपराला बोटभर खरचटलं आहे. मी ते दोनदा धुतलं. आता ती आत बसून शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात पाढे म्हणते आहे.

तू पत्रातून तिला कडा चढायची परवानगी दिलीस आणि मोकळी झालीस. इथला नियम असा की बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस आलंच पाहिजे, आणि त्याने सावलीत बसून शेंगा खायच्या नाहीत, दोर धरायला शिकायचं. तुझी मुलगी दहाची. घरचं मोठं माणूस म्हणजे मी. शिकवणारे मास्तर निवृत्त ड्रिलमास्तर आहेत, मुलं त्यांना कातळमास्तर म्हणतात. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि खारीला विचारलं, याच्या घरचं मोठं माणूस कोण. सगळे हसले. खार सगळ्यात जास्त.

जागा म्हणजे बंद पडलेल्या दगडखाणीमागचा कडा. उंची चाळीस फूट, मी विचारून घेतली. वर लोखंडी खांब रोवलेला आहे. त्याच्या कडीतून दोर खाली येतो. एक टोक मुलाच्या कमरेच्या पट्ट्याला, दुसरं मोठ्या माणसाच्या हातात. मूल चढत जाईल तसतसा सैल पडलेला दोर ओढून घ्यायचा, आणि निसटलं तर आवळून धरायचा. उतरताना मूल सगळं वजन दोरावर टाकतं आणि आपण त्याला हळूहळू खाली सोडायचं. एवढंच, असं सगळे म्हणतात. चढण्याआधी मूल विचारतं, "दोर?" आणि मोठ्या माणसाने म्हणायचं, "धरला." हे ऐकल्याशिवाय मुलाने दगडाला हात लावायचा नाही.

खारीने विचारलं आणि मी दोराची गाठच तपासत राहिलो. तिने तीनदा विचारलं. मग मी म्हणालो, आणि दोर इतका आवळून धरला की तिला पाय उचलता येईना. वरून म्हणाली, "मामा, मला वर जायचंय. धुणं वाळत घातल्यासारखं टांगू नकोस." तळहात त्यामुळेच सोलला.

आणखी पाच मुलं आहेत. त्यातली पिंगी खारीच्याच वर्गातली. तिची आई चौकात कपडे शिवते. ती एका हाताने दोर ओढता ओढता चेनचे भाव कसे वाढलेत ते सांगत होती. मास्तरांनी तिला झापलं, तेव्हा म्हणाली की माझे हात बोलत नाहीत, तोंड बोलतं. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सहाही मुलं एकाच दोरावर आळीपाळीने चढतात, आणि तो दोर ठेवतात कुठे, तर खाणीवरच्या पत्र्याच्या खोपटात. मी आत डोकावलो. खाली उंदरांच्या लेंड्या होत्या.

मी धीर करून म्हणालो की दोर माझ्याकडे द्या. मी धुवेन, दर आठवड्याला बोटाबोटाने तपासेन, वहीत नोंद ठेवेन. मास्तर म्हणाले, "घेऊन जा. तुझ्यासारखा माणूस मिळायला मला बारा वर्षं लागली."

आपल्या खोलीत ओल आहे, म्हणून दोर दुकानातल्या माळ्यावर ठेवला आहे, बॅटऱ्या चार्जिंगला लावतो त्या बाकाच्या बरोबर वर. जागा कोरडी, उबदार, रोज कुलपात. उंदीर तिथे फिरकतसुद्धा नाहीत.

तरीही विचारतो. तिला खरंच चढू द्यायचं का? हो किंवा नाही, एकच शब्द लिही. वळसे नकोत.

बारक्या


शुक्रवार, ८ नोव्हेंबर
बोगद्यावरचा दवाखाना

बारक्या,

तुझं पत्र गोल डागासकट पोचलं. हो. हो. हो. तीनदा लिहिलंय, म्हणजे एखादा पुसला गेला तरी दोन उरतील.

इथे तीनशे माणसं डोंगराच्या पोटात सुरुंग लावतात, आणि आज माझ्याकडे आलेले पेशंट असे: एक जण झोपेत खाटेवरून पडला, एकाने पायावर ट्रंक पाडली, एकाच्या कानात वाटाणा गेला. वाटाणावाला इंजिनियर आहे. कड्यावर निदान सगळे सावध असतात. मुलीला भीतीत वाढवण्यापेक्षा तिला चढू दे. तिचे वडील गेल्यापासून ती घरात मोठ्या बाईसारखी वावरत होती. तिचं मागच्या आठवड्याचं पत्र पाहिलंस का? चार पानं नुसतं दगडांचं वर्णन. माझ्या तब्येतीची चौकशी तळाला एका ओळीत.

तू कसा आहेस ते मला ठाऊक आहे. लहानपणी शिडीच्या प्रत्येक पायरीवर आधी उशी ठेवून बघायचास. मी तुला तेव्हा चिडवायचे, अजूनही चिडवेन. पण खारीला दुसऱ्या कुणाकडे न ठेवता तुझ्याकडे ठेवलं ते याच कारणाने. तुला भीती वाटते, म्हणून मला वाटत नाही. घरात एकाला वाटली की पुरे.

एकच सांगते. दोर धरलेली माणसं दोराकडे बघत बसतात. तू मुलाकडे बघ. आणि सैल सोडायला शीक, गाढवा.

दोराची काळजी तू घेतोस हे वाचल्यापासून मला शांत झोप लागते. फाट्यावरची पोस्टाची गाडी आता निघेल, म्हणून इथेच थांबते. इथे फोन लागत नाही ते एका अर्थी बरंच आहे, नाहीतर तू मला दर रविवारी दर पाच फुटांना फोन केला असतास.

ताई


सोमवार, १८ नोव्हेंबर
सकाळचे सव्वासात, दुकान उघडण्याआधी

ताई,

काल खार वरच्या कडीला हात लावून आली. मी ठरवलं होतं की अगदी साध्या शब्दांत कळवायचं, पण साधे शब्द सापडत नाहीत. वरून तिने खाणीतल्या तळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, इथून आपलं घर काडेपेटीएवढंसुद्धा नाही. मग बसल्यासारखी मागे रेलली, सगळं वजन माझ्या हातात आलं, आणि मी तिला सोडत सोडत खाली आणलं. तुझं ऐकून तिच्याकडेच बघत होतो. उतरल्यावर तिने मास्तरांना सांगितलं की मामा आता बरा सोडतो. मास्तर म्हणाले, सुधारतोय.

त्याच्या आधीच्या रविवारी ती आठ फुटांवरून निसटली होती. तुला कळवलं नव्हतं. दोराने धरली. माझ्या छातीत जे झालं ते जायला संध्याकाळ लागली. ती मात्र हवेत गोल फिरत पिंगीला वेडावून दाखवत होती.

वहीचं काम चोख चाललं आहे. प्रत्येक पानावर तारीख, किती मुलं चढली, कोण कितीदा पडलं, आणि दोर तपासल्याची नोंद. शनिवारी मी माळ्यावरून तो खाली काढतो, चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत सरकवत जातो. दीड तास लागतो. मास्तरांनी काल ती वही सगळ्या पालकांना दाखवली आणि म्हणाले की आठवीत शाळा सुटलेल्या माणसाचं अक्षर बघा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं. पिंगीची आई मला आता दोरसाहेब म्हणते. "दोरसाहेब, परवानगी असेल तर शिंकू का?" असं काल दोर हातात असताना तिने विचारलं.

माझी भीती गेलेली नाही. पण आता तिला काहीतरी काम मिळालं आहे, नुसती छातीवर बसत नाही.

दुकानात थंडीची गर्दी सुरू झाली. गार पडलं की गाड्यांच्या बॅटऱ्या बसतात. चार्जिंगचं बाक दिवसभर भरलेलं असतं, वाफेने डोळे चुरचुरतात, पण मालकांनी जादा तासांचे पैसे कबूल केलेत.

बारक्या


रविवार, २४ नोव्हेंबर

ताई,

थोडक्यात लिहितो. कड्यावर मधमाश्यांचं मोठं पोळं लागलं आहे, त्यामुळे काही रविवार चढणं बंद. खार थोडी रुसली आहे, बाकी छान. जेवणखाण व्यवस्थित. गणितात वीसपैकी अठरा.

एक किरकोळ विचारायचं होतं. पिंगीच्या आईने विचारलंय. ॲसिडच्या नुसत्या वाफेने कापड किंवा नायलॉन खराब होतं का? म्हणजे थेंब पडला नसेल, डाग दिसत नसेल, तरी? तू दवाखान्यात असतेस, तुला माहीत असेल. घाई नाही. पण सवड मिळताच कळव.

बारक्या


शुक्रवार, २९ नोव्हेंबर

बारक्या,

मी रागात आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे ओळींमधून शोधत बसू नकोस.

तुझं पत्र आणि खारीचं पत्र एकाच थैलीतून आली. ती लिहिते की पोळंबिळं काही नाही. पिंगीने तिला शाळेत सांगितलं, रविवारी सगळे चढले, मास्तरांनी दोनदा विचारलं खार कुठे. तू तिला सकाळी सात ते साडेबारा घरात बसवून ठेवलंस, स्वतः खिडकीशी उभा राहिलास, आणि ती काही बोलली की दचकत होतास. तिने पत्राच्या शेवटी लिहिलंय, "मामाला परत भीती लागली."

मला खोटं सांगायची गरज काय होती? घाबरलास, तर लिही की ताई, मी घाबरलो. मी हसले असते आणि सोडून दिलं असतं. पण आपल्या भीतीपायी पोरीला कोंडून ठेवायचं आणि वर मधमाश्यांच्या नावावर खपवायचं, हे मला आवडलेलं नाही. ती एकदा निसटली, दोराने धरली, संपलं. तो दोर त्यासाठीच आहे.

हे पत्र मिळाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी तू तिला कड्यावर नेणार आहेस. तिचा दोर तूच धरणार आहेस. नाही नेलंस तर मी मास्तरांनाच पत्र टाकेन की तिला घरून घेऊन जा.

पिंगीच्या आईला सांग, होतं खराब. नायलॉन तर फारच. आमच्याकडे ॲसिडच्या बाटल्या ठेवतात त्या कपाटात कुणीतरी नायलॉनचे पट्टे ठेवले होते. दिसायला नवेकोरे. पेशंटला बांधायला ताणले तर हातात भुगा आला. डोळ्यांनी काही कळत नाही. बॅटरीच्या दुकानात चार वर्षं काढलेल्या माणसाने हे मला विचारावं याचं नवल वाटलं.

ताई


रविवार, ८ डिसेंबर
दुपारचे दोन

ताई,

पोळं नव्हतं. ॲसिडचं पिंगीच्या आईने विचारलं नव्हतं. सुरुवातीपासून लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिता येणार नाही.

गुरुवारी, २१ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता मी बाकाशी होतो. ॲसिड ओतायचं नरसाळं माळ्याच्या खालच्या खिळ्याला नायलॉनच्या दोरीने टांगलेलं असतं. ते आपोआप खाली पडलं. कुणी हात लावला नव्हता. दोरी मीच महिन्याभरापूर्वी नवी बांधली होती. उरलेला तुकडा चिमटीत धरला तर जुन्या रंगासारखा सुटून आला. दुकानातले मिस्त्री बघत होते. म्हणाले, इथे नायलॉन टिकत नाही, मी म्हणूनच तांब्याची तार वापरतो. मी विचारलं, आधी का सांगितलं नाहीत? ते म्हणाले, नरसाळ्यासाठी कुणी भाषण देतं का.

मी वर पाहिलं. दोराची पिशवी होती. तेव्हा तिला तिथे अठरा दिवस झाले होते, आणि मधल्या दोन रविवारी सहा मुलं त्यावर चढली होती. खार त्यावरच आठ फुटांवरून पडली होती.

त्या दिवशी दोर घरी आणला. तीन पाण्यांतून धुतला. बोटाबोटाने बघितला, उजेडाकडे धरून बघितला. एक डाग नाही, एक धागा सुटलेला नाही. मला वाटलं, दोरी बारीक होती, दोर जाड आहे. वाटलं, पिशवीत होता. शनिवारी तो मास्तरांच्या घरी नेऊन दिला, म्हटलं दुकानात आता जागा नाही. आणि वहीत लिहिलं: "तपासला. डाग नाही. चीर नाही." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मास्तरांनी वही वाचली, पाठ थोपटली, दोर खुंटीला अडकवला.

माझा त्या दोरावर विश्वास असता तर मी दुसऱ्या दिवशी खारीला नेलं असतं. नेलं नाही. ठेवली घरी. पाच मुलं चढली. पुढच्या रविवारीही चढली. दोन्ही वेळा मी खिडकीशी उभा होतो ते रस्त्यावरून पिंगी परत येताना दिसेपर्यंत. ती दिसली की मला जेवण जायचं.

का सांगितलं नाही ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. दोर फार महाग आहे. खारीला काढून टाकतील. पण खरं तर मास्तरांनी पालकांसमोर ती वही धरली होती तेव्हाचे सगळ्यांचे चेहरे मला पुन्हा बघायचे नव्हते. आणि तुझं ते वाक्य, शांत झोप लागते.

तुझं पत्र गुरुवारी आलं. भुगा हा शब्द वाचला. त्याच संध्याकाळी मी जायला हवं होतं. शुक्रवारी मास्तरांच्या फाटकापर्यंत गेलो. कुत्रं भुंकलं, परत आलो. शनिवारी गेलोच नाही. ठरवलं, रविवारी सगळ्यांच्या आधी पोचून सांगायचं. पण आज सकाळी बुटाच्या नाड्या दोनदा बांधल्या, दोनदा सोडल्या, आणि आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. पिंगी पंचवीस फुटांवर होती. तिची आई दोर धरून उभी होती आणि मास्तरांना काहीतरी गमतीचं सांगत होती.

मी मास्तरांच्या अगदी जवळ जाऊन म्हणालो, "हा दोर ॲसिडच्या वाफेवर अठरा दिवस होता. मी सांगितलं नाही."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. वर बघतच विचारलं, वजन द्यायचं नाही? मी म्हणालो, नाही. पिंगीच्या आईने ऐकलं. तिचं बोलणं अर्ध्यावर राहिलं.

मास्तर वरती बोलले ते रोजच्याच आवाजात. पिंगे, उजव्या गुडघ्याशी बसण्याएवढी जागा आहे, तिथे बस, भिंतीला चिकटून. आज बघायचंय, न हलता सर्वात जास्त वेळ कोण बसतं. तिच्या आईला म्हणाले, दोर धरून राहा, ओढू नका. मग पिशवीतून स्वतःची वेगळी दोरी काढली आणि मागच्या, खाणीला वळसा घालणाऱ्या पायवाटेने वर निघाले. साठीच्या पुढचा माणूस, पण त्या चढावर पळत गेला.

त्यांना वर पोचायला बारा मिनिटं लागली. मी मोजली. पिंगी आधी गाणं म्हणत होती. मग तिला पाय आखडल्यासारखं वाटायला लागलं आणि तिने खाली विचारलं, "आई, दोर?"

तिच्या आईचे ओठ हलले. तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बस तिथेच, राणी. मी इथे आहे." धरला म्हणाली नाही. खार माझ्या मागे उभी होती, माझ्या सदऱ्याचा मागचा भाग मुठीत धरून.

मास्तर स्वतःच्या दोरीवरून खाली आले, पिंगीला आपल्या पट्ट्याला अडकवलं आणि दोघं त्याच दोरीने उतरले. पिंगीची तक्रार होती की तिची पाळी फुकट गेली.

मी मास्तरांना म्हणालो की दोराला दगडांचं पोतं बांधून सोडून बघू या. तो तुटला असता की नाही ते मला कळून घ्यायचं होतं. ते म्हणाले, "तुटला तर तू जन्मभर झोपणार नाहीस. नाही तुटला तर मला तो वापरायचा मोह होईल. दोन्ही नकोत." मग खोपटातून कुऱ्हाड आणून दोर दगडावर ठेवून हातहातभर तोडला. धुणं वाळत घालायलासुद्धा कुणी नेऊ नये म्हणून. त्यामुळे आता मला कधीच कळणार नाही.

पिंगीची आई ओरडली नाही. तिने पिंगीचं नाक पुसलं, पट्टा सोडला, तिला पाणी दिलं. मग माझ्याकडे आली.

"मागचे दोन रविवार खार कुठे होती?"

मी म्हणालो, घरी.

"आजारी होती?"

मी म्हणालो, नाही.

तिने मान हलवली, माप लिहून घेताना हलवते तशी. आणि पोरीचा हात धरून गेली.

परतताना खार माझ्या दहा पावलं पुढे चालली. घराच्या वळणावर थांबली. म्हणाली, "तू मला सांगितलं असतंस ना, तर मी सगळ्यांना सांगितलं असतं." आत बसली आहे. पाढे म्हणत नाही.

बारक्या


शुक्रवार, १३ डिसेंबर

बारक्या,

तू काही लपवलं नाहीस, म्हणून मीही लपवत नाही. पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, बरं झालं, ते दोन रविवार खार घरी होती. हेच वाटलं. दुसऱ्या कुणाच्या पोराचा विचार आधी आला नाही. मग दवाखान्याच्या मागे जाऊन उलटी केली. त्यामुळे तुला शिव्या घालायचा अधिकार मला राहिला नाही, आणि माफ करायचाही नाही. तुझ्यासारखंच मनात आलेल्या माणसाने तुला काय माफ करायचं?

आणि मीच तुला लिहिलं की घरात एकाला भीती वाटली की पुरे. चारशे किलोमीटरवर बसून असं लिहिणं सोपं होतं. परवानगी मी दिली, राखण तुझ्यावर टाकली, आणि मला झोप लागते हेही तुलाच कळवलं. तू फाटकापर्यंत जाऊन परत आलास त्यात माझंही एक पाऊल आहे. पण फाटक तुझ्यासमोर होतं.

आता करायचं काय ते सांगते. पाच मुलं होती. पाच घरं. प्रत्येक घरी जा आणि तोंडाने सांग. दोन रविवार त्यांच्या मुलांचं काय झालं असतं ते त्यांना मास्तरांकडून नको, तुझ्याकडून कळू दे. पत्र लिहू नकोस. तुझं अक्षर फार चांगलं आहे, माणसं फसतात.

दोराचे पैसे मी पाठवणार नाही. माझ्याकडे आहेत, तरी पाठवणार नाही.

खारीला चढायचं असेल तर चढू दे. पण तिचा दोर तू आपणहून हातात घेऊ नकोस.

रजा मंजूर झाली आहे. महिनाअखेर येते.

ताई


रविवार, २२ डिसेंबर
दुपारचा एक

ताई,

नवा दोर आला. तो मास्तरांच्या घरी, त्यांच्या पलंगाखालच्या लाकडी पेटीत राहतो. वही त्यांनी मला परत दिली नाही, आता तेच लिहितात. मी येऊ नको असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, ये, आणि मुलांचे पट्टे आवळलेत का बघ, मग तुझ्यानंतर मी बघेन.

आज तीनच मुलं आली. खारीची पाळी आली तेव्हा मास्तरांनी विचारलं, हिचा दोर कोण धरणार. मी एक पाऊल मागे सरकलो. खार जमिनीकडे बघत होती. बाकीचे पालक पाण्याच्या बाटल्यांची झाकणं घट्ट करायला लागले. मला वाटलं, आता आम्ही घरी जाणार.

पिंगीची आई पुढे आली आणि पट्टा बांधू लागली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "काय बघताय? पोरीने काय केलंय?" मग मला म्हणाली, "तू तिथे उभा राहा. मला दिसेल असा."

खारीने विचारलं, दोर? पिंगीच्या आईने एकदा वरपासून खालपर्यंत दोर पाहिला, एकदा मला पाहिलं, आणि खारीकडे वळून म्हणाली की धरला.

खार चाळीस फूट चढली. तो सगळा वेळ पिंगीची आई एक शब्द बोलली नाही. मी तिने सांगितलं त्या जागेवर उभा होतो. माझे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवायचे ते मला कळत नव्हतं. वजन दोरावर आलं तेव्हा मी डोळे मिटणार होतो, पण पिंगीची आई माझ्याकडे बघत असेल म्हणून मिटले नाहीत. ती बघत नव्हती. तिचं लक्ष खारीवरून हललं नाही.

खाली आल्यावर खारीने तिला थँक्यू म्हटलं. वाटेत माझ्याबरोबरीने चालली. बोलली थोडंच, शाळेचं.

तू येण्याआधी सगळं डोळ्यांखालून घालता यावं म्हणून हिशोब लिहितो.

नवा दोर: ९,४००
मी दिले, साठवलेल्यातले: ३,०००
मास्तरांचे देणे: ६,४००. दरमहा ८०० प्रमाणे आठ महिने.
पाच मुलांची त्या दोन रविवारांची फी, मी परत करायची: ५००
चार घरी जाऊन सांगितलं आणि दिले: ४००. एका घरी पाकीट जिन्यावर फेकलं, ते उचलून पुन्हा दाराशी ठेवलं. पिंगीच्या आईने घेतले आणि माझ्यासमोर मोजले.
बाकी: १०० आणि एक घर. तिथे मुलाचे आजोबा असतात. दोनदा गेलो, ते नव्हते. तिसऱ्यांदा होते, आणि मी जिन्यातून मागे फिरलो. तो मुलगा आज आला नव्हता. चार वाजता जातो आहे. खार म्हणते, ती बरोबर येणार.

बारक्या